पांढऱ्या टपावरचं लाल

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि माझे दरवाजे उघडत नाहीत.

बिघडलेत म्हणून नाही. मुद्दाम वेल्डिंग करून बंद केलेत. माझ्यात बसायचं तर खिडकीतून शिरावं लागतं. आधी एक पाय, मग दुसरा, मग उरलेला माणूस. जाडजूड माणूस कसा बसत असेल असं तुम्हाला वाटेल. बसतो की. बाहेर काढायला दोघं लागतात एवढंच.

खिडकीला काच नाही, मागे सीट नाही, आरसा नाही, दिवे नाहीत. पोटात जाड पाइपांचा पिंजरा आहे, म्हणजे मी उलटले तरी आतला माणूस चेंगरणार नाही. पुढे-मागे रुळासारखे लोखंडी बंपर. दोन्ही बाजूंना मोठ्ठा सत्तेचाळीस नंबर. माझ्यासारखीला स्टॉक कार म्हणतात. आयर्लंडमध्ये पोर्टलीशच्या पुढे बॅलीकॉरन स्पीडवे आहे, म्हणजे एक लंबगोल डांबरी ट्रॅक आणि त्याच्याभोवती लोखंडी कठडा. तिथे दर ऑगस्टला मोठी रेस होते. माझं अर्धं आयुष्य तिथे डावीकडे वळण्यात गेलं. उजवीकडे वळायचं तिथे कामच नसतं.

मग मी मराठी कशी बोलते? सांगते, दम धरा.

जन्मले तेव्हा मी चांगली घरंदाज गाडी होते. चंदेरी रंग, चार दरवाजे, चारही उघडायचे. ड्रोहेडातल्या एका शाळेच्या बाईंनी मला घेतलं. शाळा, दुकान, रविवारी चर्च, सुट्टीत समुद्र. बाई सगळ्यांना सांगायच्या, "हिनं मला कध्धी दगा दिला नाही." ऐकून मला इतकं बरं वाटायचं की थंडीतसुद्धा मी पहिल्या चावीला सुरू व्हायचे. पण समुद्राची खारी हवा माझ्या तळाला लागली. गंज चढला. एका वर्षी सरकारी फिटनेस टेस्टला मी नापास झाले. बाईंनी नवी गाडी घेतली, आणि मी गेले भंगारवाल्याच्या आवारात.

तिथे एक क्रशर होता. गाडी आत जायची आणि सुटकेसएवढी होऊन बाहेर यायची. भीती वाटायची मला. पण खरं सांगू का, उत्सुकतापण वाटायची. आत नक्की होतं काय? आधी काय दाबतात, टप की पोट? ते कळायच्या आत डेसी आला. बरं झालं आला.

डेसी दुधाचा टँकर चालवायचा. सरळ चिखलात आडवा होऊन तो माझ्याखाली शिरला, तळाला चार ठिकाणी मुठी मारल्या आणि बाहेर येऊन म्हणाला, "ही ग्रँड आहे." भंगारात पडलेली असताना मला कोणी ग्रँड म्हणालं! मी हरखलेच. तिकडे लोक कशालाही ग्रँड म्हणतात, हे नंतर कळलं. चहाला, हवेला, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं.

त्यानं मला घरामागच्या शेडमध्ये आणलं आणि सगळं काढलं. काचा, सीटा, गालिचे, रेडिओ. बाईंचा एक हातमोजा सीटखाली सापडला, तोपण गेला. मग पिंजरा बसवला, दरवाजे वेल्ड केले. त्याची बायको ब्रीडा चहा घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, "डेसी, तुझं वेल्डिंग बघून आपल्या कोंबड्या हसतायत." डेसी म्हणायचा, "कोंबड्यांना सांग, तुम्ही करा."

आता टपाची गोष्ट नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झालाय.

स्टॉक कारच्या टपाच्या रंगावरून चालवणारा कसा आहे ते कळतं. नवखा असेल तर टप पांढरा. जरा शिकला की पिवळा. चांगला झाला की निळा. आणि सगळ्यात भारी जे असतात त्यांचा लाल. रंग गाडीचा नसतो, माणसाचा असतो. माणूस बदलला की टप रंगवायचा.

मजा पुढे आहे. रेस सुरू होताना पांढरे सगळ्यात पुढे उभे राहतात आणि लाल सगळ्यात मागे! मला हे आधी उलटंच वाटलं. हुशार पोराला शेवटच्या बाकावर का बसवायचं? मग समजलं. हुशार पुढे असला तर तो पुढेच राहणार, बघणाऱ्यांना काय मिळणार? तो मागून सगळ्यांना ओलांडत आला पाहिजे. ओलांडताना बंपर लावायला परवानगी असते. म्हणजे पुढच्याला मागून ठोकायचं, बाजूला करायचं आणि निघायचं. भांडण नाही. तोच खेळ.

डेसीचा टप लाल होता. म्हणून माझाही.

डेसीला ऑगस्टच्या रेसचा सगळा इतिहास तोंडपाठ होता, पण ऐकायला कोणी नव्हतं. ब्रीडाचं ऐकून झालेलं. मी ऐकायचे, पण मी हो-हो करू शकत नाही. मग शेजारी निहारिका आली.

डेसी आणि ब्रीडाचं एक छोटं घर भाड्यानं द्यायचं असायचं, आमच्या शेडच्या पलीकडे. त्यात निहारिका आणि सलील राहायला आले, मूळचे नागपूरचे. सलील पोर्टलीशच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. निहारिका सॉफ्टवेअरवाली, घरूनच काम. तिची एक सवय होती. बंद वस्तू दिसली की उघडून बघायची. मिक्सर, प्रिंटर, घरमालकाचा बॉयलर. तिसऱ्या दिवशी ती शेडच्या दारात उभी.

"हिला दरवाजे का नाहीत?" तिनं विचारलं.

डेसी उलट्या बादलीवर बसला होता. त्यानं दुसरी बादली उलटी करून पुढे सरकवली. झालं. तिथून पुढे दर शनिवारी दोन बादल्या.

त्यानं तिला सांगितलं ते मीपण पुन्हा ऐकलं. पहिली रेस डांबरावर नव्हती, गवत कापून झालेल्या कुरणात होती. कडेला पेंढ्याचे गठ्ठे लावलेले. शेतकऱ्यांनी आपापल्या टाकाऊ गाड्या आणल्या. गावच्या फादरनी गाड्यांना आशीर्वाद दिला आणि मग हळूच विचारलं, "मी एक फेरी मारू का?" मारली. दोन गठ्ठे उडवले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये एवढी गर्दी की उभं राहायला जागा नाही. मग एका वर्षी एक गाडी पेंढ्यातून आरपार जाऊन चहाच्या तंबूत घुसली. कोणाला लागलं नाही, पण सॅंडविचं गेली, आणि त्यावरून कठडा आला. लोक मेले असते तर चौकशी झाली असती, सॅंडविचं गेली म्हणून लगेच काम झालं, असं डेसी म्हणायचा.

मग डांबर आलं. बायकांची वेगळी रेस आली, तिच्यात ब्रीडानं एकदा चहाची किटली जिंकली. ती किटली स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये असते, म्हणजे आपण कपाट म्हणतो त्यात. एका वर्षी गुरांच्या साथीमुळे आसपासच्या कुरणांकडे जायलाच बंदी, म्हणून रेस नाही. एकदा अर्धी पोरं कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेली, रांगेत जेमतेम दहा गाड्या. मग कोविड. सगळं बंद. त्या ऑगस्टच्या रविवारी डेसी एकटाच ट्रॅक्टर घेऊन गेला आणि रिकाम्या ट्रॅकवर सावकाश फिरून आला.

"कशाला पण?" निहारिकानं विचारलं.

"वर्ष कोरडं जायला नको."

आणि मॅलकी. मॅलकी म्हणजे डेसीचा जन्माचा वैरी. तोपण लाल टपवाला, पलीकडच्या गावचा. एका ऑगस्टला डेसीनं त्याला शेवटच्या वळणावर कठड्यात घातलं. पुढच्या ऑगस्टला त्यानं डेसीला. मग हे कधी थांबलंच नाही. माझ्या मागच्या बाजूला जितके पोचे आहेत त्यातले निम्मे मॅलकीचे. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत.

"का नाही बोलत?" निहारिका.

"काय बोलायचं? बंपर आहेत ना."

मराठी मी इथेच शिकले. निहारिका माझ्या पोटाखाली पडून नट आवळायची आणि फोन स्पीकरवर ठेवून आईशी गप्पा मारायची. त्यामुळे मला मराठीतली पहिली वाक्यं आली ती म्हणजे "आई, ऐकू येतंय का?" आणि "जेवले गं, जेवले." हळूहळू डेसीनं तिला चालवायला शिकवलं. आधी शेतात, मग सरावाच्या दिवशी ट्रॅकवर. क्लबचं लायसन्सपण निघालं. पाय हलका ठेव, वळणाच्या आधी सोड, वळणात दाब. ती चुकली की डेसी ओरडायचा, पण ब्रीडा कठड्याबाहेरून त्याच्याहून मोठ्यानं ओरडायची.

फेब्रुवारीत डेसी गेला. ट्रॅकवर नाही, टँकरमध्ये पण नाही. झोपेत गेला.

ब्रीडानं माझ्यावर ताडपत्री टाकली. मित्रांनो, ताडपत्रीच्या आत काय असतं माहितेय? काहीच नसतं. वास असतो फक्त. बाहेर बादल्या तशाच आहेत की उचलल्या, तेसुद्धा कळत नाही. मी नुसती विचार करत बसायचे की आता कुठला महिना असेल. कोंबड्यांच्या आवाजावरून थोडा अंदाज यायचा.

मग एक दिवस बाहेर आवाज आले.

"मी चालवते ना ऑगस्टमध्ये," निहारिका म्हणत होती. "मला लायसन्स आहे."

ब्रीडानं ताडपत्रीचं टोक ओढून सरळ केलं. मग म्हणाली, "स्वयंपाकघरातून शेड दिसते. रोज सकाळी किटली ठेवताना मला ती थांबलेली गाडी दिसते. मला नाही सहन होत, पोरी. मी भंगारवाल्या लॉरीवाल्याला सांगून ठेवलंय."

"एक रेस, ब्रीडा."

"ठीक आहे. ऑगस्टची रेस पुरी केलीस, रेषा ओलांडलीस, तर ती इथे राहील. अर्ध्यात बंद पडली तर सोमवारी लॉरी येईल. त्यावर मग वाद नको."

कितवा नंबर येतो त्याला महत्त्व नव्हतं. जिंकणाऱ्याला झेंडा पडला की मागून जो जो स्वतःच्या गाडीत बसून रेषा ओलांडेल, त्याची रेस पुरी झाली. पण ओलांडायची. नाहीतर क्रशर. आत आधी काय दाबतात ते बघायची माझी हौस केव्हाच फिटली होती.

सलीलला हे कळलं तेव्हा तो शेडमध्ये येऊन माझ्याकडेच बघत म्हणाला, "निहू, मी इमर्जन्सीला असतो. माझ्याकडे येणारा कोणीच सांगत नाही की मी वेड्यासारखं काही केलं. सगळे म्हणतात, जरा पडलो."

"मी पडणार नाही. मी पट्ट्यानं बांधलेली असते."

"तेच म्हणतोय. बांधून ठेवायची वेळ आली."

पण तो हेल्मेट घेऊन आला, स्वतः डोक्यात घालून, भिंतीवर दोनदा आपटून बघितलं. मग तिला दिलं.

आता निहारिका नवखी. म्हणजे टप पांढरा करायचा. तिनं रोलर घेतला आणि डेसीचं लाल झाकायला लागली. ब्रीडा दारात उभी होती. चहाचा कप हातात, पण पीत नव्हती.

त्याच आठवड्यात निहारिकाची आई आली होती, नागपूरहून, तीन महिने राहायला. सुरेखाताई. बँकेतून रिटायर झालेल्या, बोलायला कोणाला न भिणाऱ्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, पण कपाळावर मोठी लाल टिकली कायम. त्या शेडमध्ये आल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काऊन गं, लाल होतं ना आधी? पांढरं काऊन केलं?"

"आई, नियम आहे. मी नवीन आहे ना."

"बाप्पा! डोक्यावर पांढरं घेऊन कोणी शुभकार्याले जाते का?"

"आई, ती गाडी आहे."

"मंग? गाडीले डोकं नसते?"

निहारिका हसली आणि मीटिंगला पळाली. शेडमध्ये दोघीच राहिल्या, सुरेखाताई आणि ब्रीडा. रंगाचा डबा तिथेच होता, डेसीचा जुना लाल. सुरेखाताईंनी आधी स्वतःच्या टिकलीवर बोट ठेवलं, मग माझ्या टपावर.

"माय हजबंड, गॉन," त्या म्हणाल्या. "एव्हरीबडी सेड, रिमूव्ह. आय सेड, व्हाय? ही वेंट. रेड व्हॉट डिड?"

ब्रीडा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं कप खाली ठेवला, पान्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि डबा सुरेखाताईंपुढे धरला.

सुरेखाताईंनी माझ्या पांढऱ्या टपाच्या बरोबर मध्ये लालभडक गोल काढला. ताटाएवढा. ब्रीडानं कडा ब्रशनं नीट केल्या.

मला एक कोडं अजून सुटलेलं नाही. सुरेखाताईंना नियम माहीत नव्हता. पण ब्रीडाला? तिचं निम्मं आयुष्य त्या कठड्याला टेकून गेलंय. पांढऱ्यावर लाल म्हणजे काय होणार ते तिला पक्कं माहीत होतं. तरी ती गप्प राहिली. मी तिला विचारू शकले असते तर विचारलं असतं.

रेसच्या सकाळी ताडपत्री काढल्यावर निहारिकानं टप बघितला आणि कपाळावर हात मारला. पण मला ट्रेलरवर चढवेपर्यंत वेळ संपला होता. "तिथे गेल्यावर पुसू," ती म्हणाली.

स्पीडवेवर कोण नव्हतं! चिप्सचा वास, पेट्रोलचा वास, पोरांच्या कानांवर मोठाले हेडफोन. ड्रोहेडाहून सलीलचे दोन डॉक्टर मित्र आले होते, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातली चार मराठी कुटुंबं डबे घेऊन आली होती. गाड्या तपासणारा बाप्या आला. आधी त्यानं वाकून ब्रेक बघितले, पट्टे ओढून बघितले. मग टप बघितला.

"हे काय? नेम धरायची खूण?"

"आईनं काढलंय. शुभ असतं," निहारिका म्हणाली.

"असेल. पण इथे लाल म्हणजे लाल. थोडं लाल असं आमच्याकडे नसतं. एकतर पुसा, नाहीतर लालवाल्यांबरोबर मागे उभी करा."

निहारिकानं थिनर आणि फडकं घेतलं. लालवाल्यांबरोबर उभं राहणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. झेंडा पडताच ते दोन्ही बाजूंनी तिला चेपून जाणार. पहिल्या वळणावरच मी कठड्यात गेले तर संपलं. फडकं टपावर टेकलंपण. गार लागलं मला.

मग तिनं वर बघितलं. कठड्यापलीकडे तिची आई आणि ब्रीडा शेजारी शेजारी उभ्या होत्या. ब्रीडा टपाकडेच बघत होती, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तिचा चेहरा जिवंत दिसत होता.

"निहू, पुस ना," सलील म्हणाला. "पुढून सुटशील. निदान मोकळी जागा."

निहारिकानं फडकं खिशात घातलं. "राहू दे."

"काय राहू दे? अगं, गाडी जाईल तुझी!"

"सलील, बघ ना तिच्याकडे."

त्यानं बघितलं. तिच्या हेल्मेटचा पट्टा एकदा ओढून बघितला, पुन्हा एकदा ओढला.

शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी कोण? मॅलकी. त्यानं आधी माझा नंबर बघितला, मग टपावरचा गोल, मग निहारिका. आणि समोर बघायला लागला.

हिरवा झेंडा पडला.

मित्रांनो, मी अडकले, चेपले, ढकलले गेले. सगळे लाल मला सोडून भुर्र. मी एकटी मागे. निहारिका आत ओरडत होती, "चल गं बाई, चल!" आणि तेवढ्यात पुढे पहिल्या वळणावर आवाज झाला. धाड. धाड धाड. एक पांढरी गाडी फिरली, तिच्यात पिवळी घुसली, त्यांच्यावर दोन निळ्या. पुढून सुटले असते तर त्या ढिगाच्या अगदी बुडाशी मीच असते. सगळ्यात मागे होते, म्हणून निहारिकाला ढीग दिसला आणि ती आतल्या कडेनं गवताला घासत निघाली. कठड्याबाहेरून "आतून काढ, आतून!" असा आवाज आला. ब्रीडाचा.

त्यानंतर मला नीट आठवतं ते फक्त डावं वळण. पाय हलका, सोड, दाब. मागून लाल येत होते, एक फेरी पुढे असलेले. एकानं मला बाजूला केलं, दुसऱ्यानं पण केलं. मी गरकन फिरले, पुन्हा वाटेला लागले. मग एका निळ्यानं पुढून माझा बंपर आत दाबला आणि माझ्या रेडिएटरला भोक पडलं.

पाणी जायला लागलं. आधी थेंब, मग वाफ. निहारिकाला समोरचं दिसेना. शेवटची फेरी चालू होती. शेवटच्या वळणातून बाहेर पडले आणि माझं इंजिन आवळत गेलं, आवळत गेलं आणि थांबलं. मी घरंगळत गेले जितकं जाता येईल तितकं. मग तेपण थांबलं.

रेषा समोर होती. चार गाड्या आडव्या लावल्या तर मावतील एवढ्या अंतरावर.

निहारिका चावी फिरवत राहिली. काही नाही. उतरून ढकलायची परवानगी नसते. ती स्टिअरिंगला धरून म्हणत होती, "प्लीज, प्लीज गं." मला ऐकू येत होतं. मी काय करणार? मी गाडी आहे.

पहिला आला आणि माझ्या बाजूनं निघून गेला, त्याला झेंडा पडला. दुसरा मॅलकी होता. त्याच्या उजवीकडे अख्खा ट्रॅक मोकळा होता. तीन गाड्या जातील एवढा. मागे तिसरा त्याला चिकटून येत होता. वेग थोडा कमी केला असता तरी दुसरा नंबर गेलाच.

मला ठोकण्याचे सगळे प्रकार माहीत आहेत. रागातला ठोका, घाईतला, चुकून लागलेला. मॅलकीचे तर मी पाठ केलेत. पण हा तसला नव्हता. आधी त्याचा बंपर माझ्या बंपरला टेकला. नुसता टेकला. मग जोर आला, सरळ, एकसारखा. मी हलले. निहारिकानं स्टिअरिंग सरळ धरलं. तिसरा बाजूनं झुपकन निघून गेला, आणि मॅलकी मला ढकलत राहिला. रेषा माझ्या पुढच्या चाकाखालून गेली, मग मागच्या.

लिक्सलिपचे लोक कठड्यावर डबे बडवत होते. सलील तर खाली बसूनच गेला होता.

मॅलकी हेल्मेट काढून आला. निहारिका खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. "थँक यू," ती म्हणाली.

"कशाबद्दल? तू वाटेत उभी होतीस," मॅलकी म्हणाला, आणि निघून गेला.

तपासणारा बाप्या आला. सलीलनं त्याला घाईघाईनं विचारलं, "हे चालतं ना? मोजतात ना हे?"

"बंपर लावणं हाच तर नियम आहे," तो म्हणाला. "सत्तेचाळीस नंबर, रेस पुरी."

ब्रीडा कठड्याच्या फाटकातून चालत आली. सगळे वाट बघत होते की ती आता काहीतरी मोठं बोलेल. ती माझ्या वाफाळलेल्या बॉनेटकडे बघून म्हणाली, "मी त्याला सांगितलं होतं की त्या रेडिएटरला पुढे जाळी लाव." आणि मग तिथे, सगळ्यांसमोर, ती रडायला लागली. सुरेखाताईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "हाव, रड, बाई. रड," त्या म्हणाल्या. ब्रीडाला एक शब्द कळला नसेल.

भंगारवाला लॉरीवालासुद्धा रेस बघायला आला होता. सोमवारऐवजी त्यानं मला रविवारीच नेलं. शेडमध्ये.

सध्या माझं इंजिन बाहेर काढून बाकावर ठेवलंय. पार गेलंय ते. मागच्या आठवड्यात मॅलकी एक दुसरं इंजिन ट्रेलरवर आणून दारात उतरवून गेला. ब्रीडानं त्याला चहा दिला. त्यानं घेतला. दोघं हवेबद्दल बोलले. निहारिका आता ते बसवायला बघतेय, आणि ब्रीडा तिला तिचं वेल्डिंग किती वाईट आहे ते सांगतेय. ते इंजिन माझ्यात कसं वाजेल, मला माहीत नाही. दुसऱ्याच्या पोटातलं आहे. खूप उत्सुकता आहे मला.

मित्रांनो, तुमच्याकडेही असं काहीतरी उभं असेल. सायकल असेल, मशीन असेल, कदाचित माणूस असेल. त्याच्यावर ताडपत्री टाकू नका, आत फार कंटाळा येतो. आणि रस्त्यात कोणी बंद पडलेलं दिसलं, तर तुमच्या बाजूला निघून जायला जागा असेल. भरपूर असेल. ती असतेच. तरी एकदा वेग कमी करा आणि हळूच बंपर टेकवून बघा.